जागा सतरा हजार, उपदेश सतरा लाखांना

जानेवारी लागला की बुलडाणा जिल्ह्यात व्याख्यात्यांचा हंगाम सुरू होतो. 12 तारखेला सिंदखेडराजाला जिजाऊंचा जन्मोत्सव असतो. विवेकानंदांची जयंतीही त्याच दिवशी, म्हणून राष्ट्रीय युवा दिन. त्यानंतर महिनाभर शाळा, कॉलेजं, अभ्यासिका, गावोगावचे सभामंडप यांना वक्ता लागतोच. शेतात तुरीची सोंगणी चालू असते, हरभरा घाट्यावर येत असतो आणि मंडपात कोट घातलेले सर माइक हातात घेऊन इकडून तिकडे फिरत असतात. मेहकर तालुक्यातल्या डोणगावालाही हा हंगाम चुकत नाही.

मी अशा व्याख्यानांना बरीच वर्षं बसत आलोय. पुढच्या खुर्च्यांवर नाही. मागे, जिथं भरतीची तयारी करणारी पोरं सकाळचं पळून येऊन पेंगत असतात. भाषणाचा साचा आता मला पाठ आहे. नोकरी मागणारे होऊ नका, देणारे व्हा. जागा भरपूर आहेत, लायक माणसंच मिळत नाहीत. स्वतःमधला लीडर जागा करा. आणि शेवटी, घसा दाटून आल्यासारखं करून: हार मानू नका. एकदा असंच सगळं झाल्यावर मागून एक पोरगं उठलं. म्हणालं, "सर, तुमचं सारं पटलं. पण भरतीचे फारम कवा निघतीन?" सरांनी हसून उत्तर दिलं, "बेटा, फॉर्मची वाट बघणारे आयुष्यभर वाटच बघतात." टाळ्या पडल्या. पोरगं खाली बसलं.

त्या टाळ्यांशी माझं भांडण आहे. दोन तासांत विचारला गेलेला धड प्रश्न तेवढा एकच होता आणि त्याच्यावरच सभा हसली.

सरांच्या म्हणण्याची तपासणी आकड्यांनीच करू, कारण आकड्यांना टाळ्या ऐकू येत नाहीत. 2024 च्या पोलीस भरतीत राज्यात 17,471 पदं होती आणि अर्ज आले पावणेअठरा लाखांच्या आसपास. म्हणजे एका जागेमागे शंभरावर अर्ज. एकाच उमेदवाराचे दोन-दोन अर्ज असतात हे मान्य. शिपाई, चालक, राज्य राखीव दल अशा वेगवेगळ्या पदांसाठी पोरं अर्ज टाकतात. बरं, निम्मे धरा. तरी एका खुर्चीमागे पन्नास जण उरतातच. आता समजा, सरांचं भाषण सगळ्यांच्या अंगात भिनलं. सगळेच पहाटे चारला उठले, सगळ्यांनी मोबाइल फेकला, सगळ्यांच्या आतला लीडर खडबडून जागा झाला. भरती किती होतील? 17,471. एक जास्त नाही. वाढेल ती फक्त कटऑफ. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत पळणारा आज जिथं आहे, तिथं राहायला उद्या त्याला पाच मिनिटांत पळावं लागेल.

एका पोराला दिलेला सल्ला शहाणपणाचा असू शकतो. तोच सल्ला सगळ्यांना दिला की त्याची किंमत शून्यावर येते, कारण जागा तेवढ्याच राहतात. गर्दीत पाहुणा दिसावा म्हणून एकानं टाचा उंचावल्या तर त्याला दिसतो. सगळ्यांनीच उंचावल्या तर कुणालाच जास्त दिसत नाही, पोटऱ्या तेवढ्या सगळ्यांच्या दुखतात. एवढा हिशेब चौथीतल्या मुलाला जमतो. तो सरांना जमत नाही असं नव्हे. पण तो मांडला तर भाषण पाच मिनिटांत संपेल.

आणि या पोटऱ्या फुकट दुखत नाहीत. 2023 च्या तलाठी भरतीत पदं होती 4,644, अर्ज दहा लाखांहून जास्त आणि परीक्षा शुल्क खुल्या वर्गाला 1000 रुपये, राखीव वर्गाला 900. साधा गुणाकार केला तरी ही रक्कम नव्वद कोटींच्या वर जाते. ती कुणाच्या घरातून गेली? सोयाबीन विकणाऱ्या बापाच्या. 2024 च्या हंगामात हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता आणि बाजार समितीत हातात पडत होते चार हजारांच्या आगेमागे. एक फॉर्म म्हणजे पंचवीस किलो सोयाबीन. पोरगं वर्षाला चार-पाच फॉर्म भरतं, त्यात परीक्षा केंद्र लांबच्या जिल्ह्यात आलं की गाडीभाडं वेगळं. "प्रयत्न करायला पैसे लागत नाहीत" हे वाक्य मी व्याख्यानात दोनदा ऐकलंय.

दुसरा मुद्दा: जागा आहेत, लायक माणसं नाहीत. यात थोडं खरं आहे आणि ते मी नाकारणार नाही. आपल्याकडचा पदवीधर साधा अर्ज लिहायला बसला की अडखळतो. तीन वर्षं कॉलेजात काढून एकही यंत्र हाताळलेलं नसतं, एकही हिशेबाची वही पाहिलेली नसते. मालक मंडळींची तक्रार खोटी नाही. पण हा दोष पोराच्या 'माइंडसेट'चा कसा? ज्या कॉलेजानं त्याला उत्तीर्ण केलं, त्याच कॉलेजाच्या व्यासपीठावर उभं राहून, प्राचार्यांच्या हातून शाल घेऊन, समोरच्या पोराला "तुझ्यात स्किल नाही" म्हणायला धाडस लागत नाही. धाडस लागतं ते मान वळवून शाल देणाऱ्याला तेच सांगायला.

शिवाय 'लायक नाहीत' हे पुरतं कारण असतं तर शिक्षणाबरोबर बेकारी कमी होत गेली असती. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा भारतातल्या रोजगाराचा 2024 चा अहवाल नेमकं उलट सांगतो. 2022 मध्ये पदवीधर तरुणांतली बेकारी 29.1 टक्के होती आणि ज्यांना लिहितावाचता येत नाही अशा तरुणांत 3.4 टक्के. याचा अर्थ न शिकलेला सुखात आहे असा नाही. त्याला बेकार राहणं परवडत नाही, म्हणून तो मिळेल त्या मजुरीला जातो. शिकलेला मात्र शिक्षणाला साजेसं काम मागतो आणि तसं काम पुरेसं निघत नाही. हे गणित व्याख्यानात मांडलं तर पुढच्या रांगेत बसलेल्या पुढाऱ्यांना उत्तर द्यावं लागेल. त्यापेक्षा मागच्या रांगेतल्या पोराला दोष देणं सोपं.

आता त्या लाडक्या वाक्याकडे येतो: मागणारे होऊ नका, देणारे व्हा. याच्याइतकं गोड आणि याच्याइतकं पोकळ वाक्य गेल्या वीस वर्षांत मराठीत दुसरं झालं नसेल. देशाच्या सहाव्या आर्थिक गणनेत, म्हणजे 2013-14 मध्ये, पीक लागवड सोडून 5 कोटी 85 लाख आस्थापनं मोजली गेली. त्यांतली शंभरातली एकाहत्तर-बाहत्तर अशी की तिथं पगारावर ठेवलेला एकही माणूस नाही. मालक तोच, नोकर तोच, सकाळी शटर उघडणारा तोच आणि झाडणाराही तोच. म्हणजे आपल्या देशात धंदा करणाऱ्यांची वानवा नाही. वानवा आहे ती दुसऱ्याला पगार देऊ शकेल इतक्या मोठ्या धंद्यांची. डोणगावच्या रस्त्यावरून चालत जा. मोबाइल दुरुस्ती, झेरॉक्स, सलून, कृषी केंद्र, चहा. यांतल्या कितीजणांनी दुसऱ्याला नोकरी दिली ते मोजा, आणि मग पोराला म्हणा, तूही एक शटर उघड.

ज्यांनी चारदोन माणसं कामाला ठेवली होती, त्यांचं काय झालं हेही बघा. डोणगाव जुन्या नागपूर-मुंबई रस्त्यावरचं गाव. मालेगाव-मेहकर करत जाणारे ट्रक इथून रात्रंदिवस जायचे आणि त्या वाहतुकीवर ढाबे, पंक्चरवाले, गॅरेजं उभी होती. 11 डिसेंबर 2022 ला समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला आणि लांब पल्ल्याची गाडी तिकडे वळली. समृद्धी आमच्या मेहकर तालुक्यातूनच जाते, पण तिच्या कडेला कुणाला टपरी टाकता येत नाही. गाडी चढायची-उतरायची ती ठरलेल्या जागीच. महामार्ग नको होता असं मी म्हणत नाही. मी एवढंच म्हणतो की ढाबेवाल्याचा धंदा बसला तो त्याचं स्वप्न लहान होतं म्हणून नाही. त्याच्या आतला लीडर झोपला नव्हता. ट्रक गेले.

आणि भांडवल? व्याख्याते सांगतात, सरकारी योजना आहेत, बँका कर्ज द्यायला बसल्यात. योजना आहेत, खरंच आहेत. पण बापाचं पीककर्ज थकलं की पोराचा अर्ज घेताना बँकेच्या साहेबाचा चेहरा कसा होतो, ते व्याख्यात्यानं एकदा पोराबरोबर बँकेत जाऊन पाहावं. बाहेर बाकावर बसून, पाहुणा म्हणून नाही.

आमच्याच तालुक्यात हिवरा आश्रम आहे, शुकदास महाराजांनी उभा केलेला विवेकानंद आश्रम. विवेकानंद जयंतीच्या उत्सवात तिथली महापंगत बघण्यासारखी असते. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून पुरी-भाजी फिरते, रांगा लागतात आणि शिस्तीत हजारो-हजारो माणसं जेवून उठतात. त्या पंगतीत बसलेल्या माणसाला आजवर कुणी म्हटलेलं नाही, "बावा, जेवणारा नको होऊ, वाढणारा हो." वाढणारे वाढतात, बसलेले जेवतात, आणि पोट भरलेला पुढच्या वर्षी आपणहून बादली उचलतो. भुकेल्याच्या कानात वाढप्याचं मोठेपण सांगणं हा प्रकार त्या आश्रमाच्या मांडवात चालणार नाही. विवेकानंदांच्याच नावानं भरलेल्या युवा मेळाव्यात मात्र तो सर्रास चालतो.

मुळात काम मागण्यात कमीपणा आहे हे कुणी ठरवलं? निदान महाराष्ट्रात तरी हे बोलायला नको होतं. 1972 च्या दुष्काळात आमच्या आज्या-आजोबांनी खडी फोडली, पाझर तलावांची माती वाहिली, सुकडी खाऊन दिवस काढले. तेव्हाचे मुख्यमंत्री वसंतराव नाईक विदर्भातले, पुसदचे. रोजगार हमीची कल्पना लावून धरणारे वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती, सांगली जिल्ह्यातल्या विसापूरचे. या माणसांनी दुष्काळातल्या मजुराला सकारात्मक विचार शिकवले नाहीत. योजना उभी केली. तिला पैसा लागतो म्हणून पुढे राज्यानं 1975 मध्ये पगारदार आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवला, 1977 मध्ये कायदा केला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आणला. ग्रामीण महाराष्ट्रातल्या प्रौढ माणसाला काम मागण्याचा कायदेशीर हक्क देणारा हा कायदा देशातला पहिला. पुढे 2005 साली देशानं केलेल्या रोजगार हमी कायद्याची ही आई. गावातला मजूर काम हवं म्हणून नमुना चारचा अर्ज भरायचा आणि पंधरा दिवसांत काम मिळालं नाही तर बेकारी भत्ता मागू शकायचा. म्हणजे 'मागणारा' हा शब्द आपल्या राज्यानं शिवी म्हणून नव्हे, हक्क म्हणून कायद्यात लिहिला. अंमलबजावणी किती ढिली होती आणि हजेरीपटावर किती खोटी नावं चढली हा वेगळा विषय, आणि तोही मोठा. पण नेतृत्व म्हणजे काय याचा नमुना हवा असेल तर तो इथं आहे: मागणाऱ्याची लाज काढायची नाही, देणाऱ्यावर बंधन घालायचं.

इथं व्याख्याते हमखास शेगावच्या गजानन महाराज संस्थानाचं उदाहरण काढतात. एमबीए न केलेले शिवशंकरभाऊ पाटील बघा, केवढं व्यवस्थापन! भाऊंविषयी माझ्या मनात आदर आहे. 4 ऑगस्ट 2021 ला ते गेले तेव्हा आमच्याकडे घरोघरी चूल मंदावली होती असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही. पण त्यांच्या नावाचा वापर जसा होतो तो मला खटकतो. संस्थानात झाडलोट करायला, पादत्राणं सांभाळायला जे सेवेकरी येतात, ते आपापल्या घरची भाकर खाऊन, पाळीची वाट बघून येतात. ती सेवा आहे. ज्याला महिन्याच्या शेवटी किराणा भरायचाय, त्याला सेवेकऱ्याचं उदाहरण देऊन "पगाराकडे बघू नका" म्हणणं म्हणजे सेवेचाही अपमान आणि पगाराचाही. दुसरं असं की भाऊ अनेक दशकं एकाच जागी राहिले, रोज त्याच माणसांना सामोरे गेले. व्याख्याता दोन तास नेतृत्वावर बोलतो आणि अंधार पडायच्या आत समृद्धी गाठतो. वर्षभरानं त्या सभामंडपातल्या पोरांचं काय झालं ते विचारायला तो येत नाही.

राज्य चालवणारेही याच सुरात बोलतात, म्हणून त्यांचाही एक दाखला. युवकांच्या नेतृत्वावर भाषणं चालू होती त्याच काळात, 2023 मध्ये, सरकारी कार्यालयांतली कामं खासगी कंपन्यांकडून कंत्राटी माणसं घेऊन करून घ्यायचा शासन निर्णय निघाला. पोरं रस्त्यावर आली आणि ऑक्टोबरअखेर तो मागे घ्यावा लागला. पुढच्या वर्षी युवा कार्यप्रशिक्षण योजना आली: बारावीला 6 हजार, आयटीआय आणि पदविकेला 8 हजार, पदवीला 10 हजार, आधी सहा महिने, मग वाढवून अकरा. अकरा महिने पोरानं कार्यालयात फायली वाहिल्या, साहेबांचं टायपिंग केलं आणि बाहेर पडताना त्याच्या हातात प्रमाणपत्र पडलं. मग ही पोरं कायम करा म्हणून आंदोलनाला बसली, तर लोक म्हणाले, प्रशिक्षणच होतं ते, माहीत नव्हतं का? माहीत होतं. पण अकरा महिने खुर्चीवर बसून जे काम केलं ते खरं काम होतं, हेही त्यांना माहीत होतं. 2023 चा तो निर्णय मागे घ्यायला लावणारी पोरं मात्र कुठल्या नेतृत्व शिबिरातून आलेली नव्हती.

राहिलं 'हार मानू नका'. माझ्या मते व्याख्यानातलं सगळ्यात घातक वाक्य हेच, कारण ऐकायला ते सगळ्यात निरुपद्रवी वाटतं. पोलीस भरतीला खुल्या वर्गाची वयोमर्यादा 28, राखीवची 33. राज्यसेवेला खुल्या वर्गाला 38, राखीवला 43. हे आकडे कुणाच्या जिद्दीनं हलत नाहीत. पोरगं बाविसाव्या वर्षी सुरुवात करतं, दोन गुणांनी हुकतं, मग एका गुणानं. "आता सोडलं तर आधीची वर्षं वाया" असं म्हणत पुण्याच्या खोलीत आणखी एक वर्ष, मेस, अभ्यासिका, चाचणी मालिका. तिशी उलटते. गावात लग्नाचं बघायला जावं तर पहिला प्रश्न नोकरीचा. डिसेंबर 2022 मध्ये सोलापुरात लग्नाला मुलगी मिळत नाही म्हणून मुंडावळ्या बांधलेले नवरदेव घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर गेले. वर्तमानपत्रांनी ती गंमत म्हणून छापली. घरात असा एखादा असला की तिची गंमत वाटत नाही.

अशा पोराला गरज असते ती कुणीतरी शेजारी बसून विचारण्याची: किती वर्षं झाली, किती गुणांनी हुकलं, गुण वाढतायत की अडकलेत, पुढच्या मार्चपर्यंत झालं नाही तर काय? हा प्रश्न त्याला आई विचारू शकत नाही, कारण तिला वाईट वाटतं. बाप विचारत नाही, कारण त्याला वाटतं पोराला टोचेल. क्लासवाला तर विचारणारच नाही, त्याची फी बुडेल. व्याख्यात्यानं विचारायला हरकत नव्हती, त्याचं काहीच अडकलेलं नसतं. पण तो 'हार मानू नका' म्हणून पोराला पुन्हा त्याच खोलीत लोटतो. वेळेवर थांबणं ही हार नाही, हिशेब आहे. शेतकऱ्याच्या घरात हे कुणाला शिकवावं लागत नाही. दुबार पेरणीही गेली की तिसऱ्यांदा सोयाबीन टाकायचं की रान रब्बीसाठी राखायचं, हे आपल्याकडे बांधावर उभं राहून ठरतं. तेव्हा कुणी म्हणत नाही, "बी संपेपर्यंत पेरत राहा."

माझ्यावर आक्षेप ठरलेला आहे: मग पोरांना निराश करायचं का? दोन शब्द उमेदीचे ऐकून कुणाचं काय जातं? उमेद हवीच, तिच्यावाचून शेतीही होत नाही आणि भरतीही. पण हवामान खात्यानं पाऊस नाही म्हणून सांगितलं तर शेतकरी निराश होत नाही, तो पेरणी थांबवतो आणि बियाणं वाचतं. खरी माहिती मिळाली की माणूस मोडत नाही. मोडतो तो, सगळं काही तुझ्याच हातात होतं असं पाच वर्षं ऐकून शेवटी काहीच हातात न आल्यावर. कारण मग दोष द्यायला त्याच्याकडे एकच माणूस उरतो. 2021 मध्ये पुण्यात एमपीएससीची मुख्य परीक्षा उत्तीर्ण होऊन मुलाखतीची वाट बघणाऱ्या एका तरुणानं जीव दिला, तेव्हा महाराष्ट्र चार दिवस हळहळला. त्याच्यात जिद्द कमी होती का? तो तर उत्तीर्ण झाला होता. अडली होती ती भरतीची प्रक्रिया. वेळापत्रक पाळणं ज्यांचं काम होतं, त्यांना कुणी नेतृत्वावर व्याख्यान दिल्याचं ऐकिवात नाही.

तेव्हा पुढच्या 12 जानेवारीला डोणगावात कार्यक्रम ठेवणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. सरांना या वर्षी सुट्टी द्या. त्यांच्या जागी आयटीआयमधला एखादा निदेशक बोलवा. कोणत्या ट्रेडच्या पोरांना कुठं काम लागतं आणि पहिला पगार किती पडतो हे तो खडूनं फळ्यावर लिहील. बँकेतल्या कर्ज विभागातला एखादा निवृत्त माणूस बोलवा. अर्ज का फेटाळतात ते तो आता मोकळेपणानं सांगेल. तीन वेळा भरतीत हुकून आता छत्रपती संभाजीनगरला कारखान्यात लागलेला, किंवा गावातच जेसीबीवर बसणारा पोरगा बोलवा. त्यानं कधी आणि कसं सोडायचं ठरवलं ते सांगू द्या. एखादी पोरगी बोलवा, जिच्या घरच्यांनी लग्नाआधी दोनच वर्षं दिली होती. तिनं त्या दोन वर्षांचं काय केलं ते सांगू द्या. यांना भाषण येणार नाही. मधेच थांबतील, पाणी पितील, 'ते' ऐवजी 'थे' म्हणतील.

मानधन देऊ नका, गाडीभाडं द्या. जे पैसे उरतील त्यात अभ्यासिकेचं थकलेलं लाइट बिल भरून टाका. आणि मागच्या रांगेतून कुणी उठून विचारलं, फारम कवा निघतीन, तर ज्याला माहीत असेल त्यानं तारीख सांगावी. कुणालाच माहीत नसेल तर तालुक्याच्या आमदारांना तिथूनच, सगळ्यांच्या देखत, फोन लावावा.